खिडकीतला मोबाईल आणि आतल्या खोलीतला संगणक

मोबाईलला टॉवरकडून मिळणारे इंटरनेट वायफाय, यूएसबीची वायर किंवा ब्लूटूथ यांपैकी एका मार्गाने संगणकाला पुरवण्याच्या सोयीला सर्वत्र 'हॉटस्पॉट' म्हटले जाते. फोन बनवणाऱ्यांनी ही सोय दिली ती प्रवासात, परगावी किंवा घरचे इंटरनेट बंद पडले असता वेळ निभावून नेण्यासाठी. त्यामुळे तिच्याविषयीचे बहुतेक लेखन आजही अडचणीच्या वेळी काय करावे, हे सांगण्याच्या थाटाचे असते. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गसारख्या गावात मात्र अडचणीची वेळ आणि नेहमीची वेळ यांतील सीमारेषा पुसट आहे, आणि टॉवरपासून संगणकाच्या पडद्यापर्यंतचा इंटरनेटचा शेवटचा टप्पा अशा गावांत बहुधा ग्राहकानेच आपल्या मोबाईलच्या, आपल्या रिचार्जच्या आणि आपल्या घरच्या विजेच्या बळावर उभा केलेला असतो. दूरसंचाराच्या सरकारी आकडेवारीत या टप्प्याची नोंद कुठेच होत नाही, ही त्यातील अधिक विचार करण्यासारखी बाब आहे.

तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवरचे गाव असून बोरी नदीच्या वळणात बांधलेल्या त्याच्या किल्ल्याला ११४ बुरूज असल्याचे सांगितले जाते. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीन या स्थापत्यविशारदाने नदीवर धरण बांधून मुख्य किल्ला रणमंडळ या जोडकिल्ल्याशी जोडला आणि त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल घडवला; पावसाळ्यात धरण भरले की त्याच्या दोन सांडव्यांवरून पडणारे 'नर' आणि 'मादी' हे धबधबे पाहायला आजही गर्दी होते. १८५३ च्या तहाने निजामाने हा भाग इंग्रजांकडे सोपवला तेव्हा नळदुर्ग हे जिल्ह्याचे नाव होते आणि फिलिप मेडोज टेलर हा लेखक-अधिकारी त्याचा कारभार पाहत असे. १८६० मध्ये मुलूख निजामाकडे परत गेला आणि पुढे जिल्ह्याचे ठाणेही उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, हलले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात शिरताना पहिली लढाई दिली तीही इथेच, कारण बोरीवरचा पूल ताब्यात आल्याशिवाय पुढचा रस्ता मोकळा होत नव्हता. राज्ये बदलली तरी गावाचे हे स्थान बदलले नाही: मोठ्या रस्त्यावर असल्यामुळे सगळे इथून जाते, पण कारभाराची केंद्रे दुसरीकडे असल्यामुळे फार थोडे इथे थांबते.

इंटरनेटच्या बाबतीतही बरेचसे असेच घडते. काचेच्या बारीक तंतूतून प्रकाशाच्या स्पंदनांनी माहिती नेणारी ऑप्टिकल फायबर केबल देशभर महामार्गांच्या कडेने टाकली जाते. पण शहराशहरांना जोडणारी अशी मुख्य केबल गावाजवळून गेली म्हणजे गावातल्या घरांना जोडणी मिळते असे नाही, कारण त्यासाठी गावात स्वतंत्र यंत्रणा, खांबांवरून किंवा जमिनीखालून फिरवलेल्या वायरी आणि दुरुस्तीला धावणारी माणसे लागतात. ग्रामीण भागासाठी केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०१५ पासून 'भारतनेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेचे उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे होते, आणि २०२३ मध्ये तिच्या सुधारित आराखड्यासाठी सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. नळदुर्गला मात्र नगरपरिषद आहे, म्हणजे योजनेच्या भाषेत ते गाव नाही. आणि खासगी कंपन्यांच्या गुंतवणुकीच्या क्रमात ते आधी सोलापूर, लातूर यांसारख्या शहरांच्या आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणाच्या मागे उभे राहते. महाराष्ट्रातील लहान नगरपरिषदांची ही अवस्था धोरणकर्त्यांच्या फारशी लक्षात येत नाही, कारण कागदावर ती गावे 'शहरी' असल्यामुळे त्यांचे प्रश्न सुटलेलेच धरले जातात.

संपूर्ण देशाचे चित्र पाहिले तर यात नवल वाटू नये. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे 'ट्राय', दर महिन्याला ब्रॉडबँड ग्राहकांची संख्या प्रसिद्ध करते. अलीकडच्या काळात ती नव्वद कोटींच्या पुढे गेली असून त्यांतील शंभरापैकी सुमारे पंचाण्णव जोडण्या बिनतारी, म्हणजे प्रामुख्याने मोबाईलच्या आहेत. ब्रॉडबँड म्हणजे काय याची व्याख्याही काळानुसार बदलली: २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेग पुरेसा मानला होता, पुढे तो ५१२ झाला आणि २०२३ पासून किमान २ मेगाबिट हा निकष आला. याच्या जोडीला राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीचा, म्हणजे २०१७-१८ चा, निष्कर्ष ठेवावा लागतो. त्यानुसार ग्रामीण भारतात जेमतेम ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि इंटरनेटची सोय १४.९ टक्के कुटुंबांकडे होती. २०२५ च्या सर्वेक्षणात घरात इंटरनेट असलेल्या कुटुंबांचे देशातील प्रमाण सुमारे ८६ टक्क्यांवर पोहोचलेले दिसते, आणि ही झेप वायरीमुळे आलेली नाही हे उघड आहे. थोडक्यात, घरोघरी इंटरनेट आले ते मोबाईलच्या पोटातून, आणि ज्या थोड्या घरांत किंवा दुकानांत संगणक होता त्यांनी ते तिथून बाहेर काढून घेतले.

मोबाईलमधून संगणकाला इंटरनेट देण्याची कल्पना स्मार्टफोनपेक्षा जुनी आहे. २००२ च्या डिसेंबरात रिलायन्सने सीडीएमए पद्धतीची सेवा सुरू केली आणि पुढच्या वर्षी ५०१ रुपयांत फोन देण्याची योजना आणली, तेव्हा त्या साध्या फोनला डेटा केबल जोडून संगणकावरून #७७७ हा क्रमांक फिरवला की सेकंदाला १४४ किलोबिटपर्यंतच्या वेगाने इंटरनेट मिळत असे. जीएसएम या दुसऱ्या पद्धतीच्या फोनमध्ये त्याच कामासाठी *९९# हा क्रमांक वापरला जाई आणि संगणकात नोकियाचा 'पीसी सूट' भरून ठेवावा लागे. त्यानंतर पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या, सिमकार्ड घालून संगणकाला जोडायच्या डोंगलचे युग आले आणि काही वर्षांत ओसरले, कारण २००९ मध्ये आयफोनच्या तिसऱ्या प्रणालीत आणि मे २०१० मध्ये अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीत ही सोय फोनमध्येच आली. अँड्रॉइडमध्ये वायफाय हॉटस्पॉट प्रथमच कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर न भरता सुरू करता येऊ लागला. तरीही ज्या काळात डेटा मेगाबाइटच्या हिशेबाने विकला जात होता त्या काळात संगणकाला तो देणे ही चैन होती. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, आधी काही महिने फुकट आणि मग दिवसाला ठरावीक जीबी या पद्धतीने डेटा मिळू लागला, आणि हॉटस्पॉट खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांच्या हाती आला तो तेव्हापासून.

हॉटस्पॉट देताना फोनच्या आत काय घडते हे समजून घेतले तर पुढच्या अनेक अडचणींचा उलगडा होतो. हॉटस्पॉट चालू झाला की फोनमधील दोन रेडिओ एकाच वेळी कामाला लागतात: एक दूरच्या टॉवरशी बोलतो, दुसरा जवळच्या संगणकाशी, आणि फोन या दोघांच्या मध्ये राउटरचे काम करतो. इंटरनेटवरील प्रत्येक उपकरणाला पत्ता लागतो, परंतु कंपनीने फोनला दिलेला पत्ता एकच असल्यामुळे फोन संगणकाला स्वतःकडून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या मालिकेतील किंवा तसाच दुसरा खासगी पत्ता देतो आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीवर स्वतःचा पत्ता घालतो. मोठ्या वाड्यात दहा बिऱ्हाडे असली तरी टपाल वाड्याच्या नावावर येते आणि कोणते पत्र कोणत्या खोलीत द्यायचे हे दाराशी बसलेल्या माणसाला ठाऊक असते, तसा हा व्यवहार आहे. तांत्रिक भाषेत त्याला 'नेटवर्क पत्ता भाषांतर' किंवा 'नॅट' म्हणतात. भारतात तो बहुतेक वेळा दोनदा होतो, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरच अपुरे पडल्यामुळे मोबाईल कंपन्याही अनेक ग्राहकांमागे एक सार्वजनिक पत्ता वापरतात. याचा परिणाम असा की हॉटस्पॉटवर चालणाऱ्या संगणकाला बाहेरून कोणी थेट हाक मारू शकत नाही, आणि दुकानातील सीसीटीव्हीचे चित्र घरी बसून पाहायचे असेल तर ते कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गेच पाहावे लागते.

आता घरांकडे वळावे लागते, कारण हॉटस्पॉटचे नळदुर्गातील आणि एकूणच मराठवाड्यातील खरे महत्त्व घराच्या भिंतींत दडलेले आहे. या भागातील जुनी घरे माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर टाकून केलेल्या सपाट छपराची असतात. त्यांच्या भिंती दगडमातीच्या, हातभर किंवा त्याहून रुंद आणि खिडक्या मोजक्या असतात. उन्हाळ्यात थंडावा देणारी ही बांधणी रेडिओलहरींना मात्र अडवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या जाड भिंतींची धास्ती बसली आणि अनेकांनी पत्र्याच्या हलक्या छपरांचा आसरा घेतला. परंतु धातूचा पत्रा लहरी परतवून लावतो, त्यामुळे रेंजच्या दृष्टीने ही अदलाबदल फारशी लाभाची ठरली नाही, आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅबही याबाबतीत फार उदार नसतो. लहरीची लांबी जितकी कमी तितकी तिला भिंतीतून जाणे अवघड, असा ढोबळ नियम आहे: ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटीमीटर लांब असते, तर फाइव्ह-जीसाठी भारतात मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती जेमतेम ९ सेंटीमीटर भरते. म्हणून नव्या पिढीचा वेग अंगणात उत्तम मिळतो आणि माजघरात गेल्यावर फोन निमूटपणे फोर-जीवर उतरतो.

अशा घरात डोंगल संगणकाला लावून उपयोग नसतो, कारण संगणक जिथे असतो तिथे रेंज नसते आणि जिथे रेंज असते तिथे संगणक, त्याचे टेबल आणि विजेचे बटण नसते. हॉटस्पॉट या दोन जागा एकमेकींपासून सोडवतो. फोन खिडकीच्या कठड्यावर, देवळीत किंवा माळवदावर जाणाऱ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायचा आणि संगणक आतल्या खोलीतच राहू द्यायचा. टॉवरपासून खिडकीपर्यंतचा काही किलोमीटरचा प्रवास एका लहरीने आणि खिडकीपासून टेबलापर्यंतचा पंधरा-वीस फुटांचा प्रवास दुसऱ्या लहरीने करायचा, अशी ही विभागणी आहे. वायफायसाठी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे निवडता येतात; यांतील पहिला भारतात २००५ मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला, तो संथ असला तरी भिंत ओलांडण्यात सरस असतो, तर दुसरा वेगवान पण अल्पपल्ल्याचा असून जुन्या लॅपटॉपना तो दिसतही नाही. फोनमध्ये 'पाच गिगाहर्ट्झ' निवडलेले राहिल्यामुळे संगणकात हॉटस्पॉटचे नावच न येणे, ही या विषयातील बहुधा सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत कमी वेळा ओळखली जाणारी तक्रार असावी.

झेरॉक्स, टंकलेखन आणि ऑनलाइन फॉर्म यांच्या दुकानांत चित्र थोडे वेगळे असते. तिथले डेस्कटॉप संगणक जुने असतात आणि त्यांत वायफायचा भाग बहुधा नसतोच, त्यामुळे फोन चार्जिंगच्या वायरीनेच संगणकाला जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केले जाते. संगणक त्या फोनला नेटवर्क कार्ड समजतो आणि फोनचे चार्जिंगही होत राहते. वेग, स्थिरता आणि सुरक्षितता या तिन्ही बाबतींत हा मार्ग वायफायपेक्षा चांगला असूनही तो कमी वापरला जातो, कारण त्यात फोन टेबलाला बांधला जातो आणि रेंजच्या जागेचा वर सांगितलेला फायदा हातचा जातो. ब्लूटूथचा मार्ग तिसरा आणि सर्वांत संथ आहे. मजकुराचा ईमेल पाठवण्यापुरता तो चालतो, बॅटरीही कमी खातो, पण छायाचित्रे जोडलेला अर्ज त्यावरून पाठवणे जिकिरीचे असते.

डेटाचा हिशेब हा या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक भाग आहे, कारण मोबाईलची योजना फोनच्या भुकेनुसार आखलेली असते आणि संगणकाची भूक वेगळी असते. दिवसाला दीड जीबीची योजना घेतली आणि संगणकाने सेकंदाला सरासरी १ मेगाबिट एवढाच, म्हणजे साध्या दर्जाच्या चलचित्र-वर्गाला लागेल तितका, वापर केला, तरी तो साठा ३ तास २० मिनिटांत संपतो. त्यातच फोनवर दिसणारे पान आणि संगणकावर उघडणारे पान यांना लागणाऱ्या डेटात फरक असतो, आणि विंडोज प्रणाली वायफायला 'भरपूर इंटरनेट' समजून पाठीमागे स्वतःची सुधारित आवृत्ती उतरवून घेऊ लागते. २०१२ च्या विंडोज ८ पासून एखाद्या जोडणीला 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायची, अशी खूण करण्याची सोय आहे. ती खूण केली की हा चोरटा वापर बराचसा थांबतो, परंतु ही माहिती संगणक विकणारा देत नाही आणि सिमकार्ड विकणाराही देत नाही. साठा संपल्यावर इंटरनेट पूर्ण बंद पडत नाही, अनेक योजनांत त्याचा वेग ६४ किलोबिटवर येतो, आणि या वेगाने १ एमबीची फाइल जायला २ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. ५ एमबीचा स्कॅन केलेला सातबारा व आधार यांचा जोड चढवायचा तर साडेदहा मिनिटे, आणि तोवर संकेतस्थळाने ठरवलेली मुदत संपून अर्ज पुन्हा पहिल्या पानावर आलेला असतो.

अर्ज हा शब्द इथे सहज आलेला नाही. पीकविमा, शिष्यवृत्तीचे महाडीबीटी पोर्टल, २०२१ पासूनची ई-पीक पाहणी, २०२४ मधील 'लाडकी बहीण' योजनेची नोंदणी, प्रवेशपरीक्षांचे फॉर्म असा शासनाशी होणारा जवळजवळ प्रत्येक व्यवहार आता ऑनलाइन झाला असून त्यांतील बहुतेकांना शेवटची तारीख असते. खरीप पीकविम्यासाठी नेहमीची मुदत ३१ जुलैची असते, आणि त्या आठवड्यात सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या की 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य दिवसभर ऐकू येते. त्यातला काही दोष खरोखर सर्व्हरचा असतो; पण केंद्रातला फोन दुसऱ्या टॉवरवर गेल्यामुळे जोडणी क्षणभर तुटणे, यासारखी साधी कारणेही त्याच वाक्याखाली झाकली जातात. दोन सिमकार्डांच्या बहुतेक फोनमध्ये एका सिमवर इंटरनेट चालू असताना दुसऱ्या सिमवर कॉल आला की पहिल्याचे इंटरनेट थांबते, आणि नातेवाइकाच्या दोन मिनिटांच्या चौकशीने अर्धा भरलेला फॉर्म जातो. यावर उपाय म्हणून पडद्याला तडा गेलेला जुना मोबाईल केवळ हॉटस्पॉटसाठी बाजूला ठेवण्याची रीत पडली आहे, आणि वाया गेलेल्या वस्तूला काम शोधून देण्याच्या आपल्या एकूण स्वभावाला ती साजेशी आहे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत हॉटस्पॉटची परीक्षा झाली. शाळा-महाविद्यालये बंद झाली, वर्ग पडद्यावर आले आणि पदवीच्या अंतिम परीक्षाही ऑनलाइन घेण्याची वेळ विद्यापीठांवर आली, तेव्हा घरात एकच चांगला फोन आणि शिकणारी दोन-तीन मुले असतील तर हॉटस्पॉट हाच वाटपाचा मार्ग उरला. फोन वडिलांचा असेल आणि ते शेतावर किंवा कामावर गेले तर घरातील इंटरनेटही त्यांच्या खिशातून बाहेर जाते, ही गोष्ट त्या काळात अनेक शिक्षकांच्या प्रथमच लक्षात आली. सकाळच्या वर्गाला हजेरी का कमी, याचे उत्तर अभ्यासाच्या आवडीपेक्षा अनेकदा या वेळापत्रकात होते.

मराठवाड्याचा उन्हाळा आणि विजेचे भारनियमन या दोन गोष्टी हॉटस्पॉटवर परस्परविरुद्ध परिणाम करतात. वीज गेली की वायरीच्या इंटरनेटचा राउटर तत्काळ बंद पडतो, फोन आणि लॅपटॉप मात्र आपापल्या बॅटरीवर चालत राहतात, त्यामुळे फायबर घेतलेल्या घरातही हॉटस्पॉट सुटत नाही. पण वीज बराच काळ आली नाही तर टॉवरची राखीव बॅटरीही उतरते आणि मग पुढचे सगळे डिझेल जनरेटरवर अवलंबून राहते. उष्णतेचे गणित अधिक कठोर आहे. दोन रेडिओ सतत चालू असलेला, त्यातच चार्जिंगला लावलेला फोन मुळातच तापतो. ॲपलच्या सूचनेनुसार आयफोन ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरावा, आणि एप्रिल-मेमध्ये या भागाचा पारा चाळिशी ओलांडतो. फोन तापला की तो आधी चार्जिंग थांबवतो, मग वेग कमी करतो आणि वारंवार असे झाल्यास लिथियम-आयन बॅटरी फुगते. रेंजसाठी खिडकीत ठेवलेला फोन दुपारनंतर नेमका उन्हात येतो, तेव्हा त्यावर ओला नव्हे तर कोरडा पांढरा कपडा टाकून काचेपासून वीतभर आत सरकवणे एवढाच स्वस्त उपाय उरतो.

नळदुर्गला वर्षातून एकदा तर रेंज पूर्ण असूनही इंटरनेट नसते. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच असून देव सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला राहतो; त्या मुक्कामात पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते आणि महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणातून भाविक येतात. टॉवरचा प्रत्येक भाग, ज्याला 'सेल' म्हणतात, ठरावीक क्षमतेचा असतो आणि ती क्षमता त्या क्षेत्रात असलेल्या सर्व फोनमध्ये वाटली जाते. फोनवर दिसणाऱ्या काड्या टॉवरचा आवाज किती स्पष्ट ऐकू येतो एवढेच सांगतात, त्याच्यासमोर किती जण बोलायला थांबले आहेत हे सांगत नाहीत. भंडाऱ्याची छायाचित्रे आणि चलचित्रे एकाच वेळी हजारो फोनमधून निघू लागली की गावातल्या खिडकीतला फोनही त्याच रांगेत उभा राहतो. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाल्यावरच्या रविवारी याचीच लहान आवृत्ती पाहायला मिळते.

हॉटस्पॉट शेजाऱ्याला देण्याचा प्रश्न आला की शेजारधर्म आणि कायदा यांची गाठ पडते. 'जरा हॉटस्पॉट दे' ही मागणी साखरेच्या वाटीइतकी सहज झाली असली तरी त्या जोडणीवरून जे काही केले जाते त्याची पहिली चौकशी सिमकार्ड ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच होते. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेल्या ईमेलचा माग नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वायफायपर्यंत पोहोचला होता, आणि २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी कंपन्यांना सूचना दिल्या. आज प्रचलित असलेल्या डब्ल्यूपीए२ या वायफाय-सुरक्षेच्या पद्धतीत पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, त्यामुळे '१२३४५६७८' हा आकडा गावोगाव एवढा लोकप्रिय झाला आहे की तो पासवर्ड मानणे कठीण जावे. हॉटस्पॉटच्या नावाची मर्यादाही मनोरंजक आहे: मानकानुसार ते ३२ बाइटचे असू शकते आणि रोमन लिपीतील एका अक्षराला एक बाइट पुरतो, पण देवनागरीतील प्रत्येक वर्णाला, काना-मात्रेला आणि पाय मोडणाऱ्या खुणेलाही तीन-तीन बाइट लागतात. 'नळदुर्ग' एवढेच नाव २१ बाइट घेते. त्यापुढे 'किल्ला' जोडू पाहिले तर जागा संपते.

या घरगुती यंत्रणेला पर्याय नाहीत असे नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत चहाची टपरी किंवा किराणा दुकान यांना परवान्याशिवाय वायफाय विकण्याची मुभा आहे, तर सामान्य ग्राहकाला आपला हॉटस्पॉट पैसे घेऊन देता येत नाही. तथापि वाणीच्या दुकानदाराला आधी वायरीचे इंटरनेट विकत घ्यावे लागते आणि जिथे ती वायरच दुर्मिळ तिथे योजना मुळाशीच अडते. २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ यांनी आणलेल्या 'एअरफायबर' सेवेत छतावर बसवलेली अँटेना फाइव्ह-जीची लहर पकडते आणि घरात वायफाय देते. तत्त्व पाहिले तर माळवदावर ठेवलेल्या फोनचेच हे सुबक आणि मासिक बिलाचे रूप आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने उपग्रहामार्फत इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार व वाशिम यांच्यासोबत धाराशिवचा उल्लेख झाला. हे चारही जिल्हे केंद्राच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहेत. आकाशातून येणाऱ्या सेवेला भिंती आणि महामार्ग यांची अडचण नसते हे खरे, पण तिची थाळी उघड्या आकाशाखाली बसवावी लागते, तिला अखंड वीज लागते, आणि सेवा प्रत्यक्ष सुरू होण्याआधी केंद्राच्या मंजुऱ्या लागतात.

यांतील प्रत्येक योजना आखताना कोणत्या गावात किती इंटरनेट आहे याचा ताळा घेतला जातो, आणि तिथेच नॅटचा तो वाड्याच्या दाराशी बसलेला माणूस पुन्हा आडवा येतो, कारण त्याच्या मागे कोण राहते हे बाहेरच्याला दिसू नये अशीच त्याची रचना आहे. कंपनीच्या नोंदीत सिमकार्ड एक, ग्राहक एक आणि उपकरण बहुधा मोबाईल. त्याच्यामागे वर्षानुवर्षे चालणारा दुकानातला डेस्कटॉप, स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप किंवा पुण्यातील कंपनीचे काम गावाकडून करणाऱ्याचा संगणक यांतील काहीच ट्रायच्या मासिक अहवालात उतरत नाही. हे संगणक बिनतारी रकान्यात मोबाईल म्हणून मोजले जातात, वायरीच्या रकान्यात त्यांची उणीव दिसत नाही, आणि गावात वायरीच्या इंटरनेटला मागणी किती, हे विचारले गेले तर उपलब्ध आकड्यांवरून मागणी कमी आहे असे उत्तर निघते.